सीमा कुणाला आडवी येते?

(लालबाग, बऱ्हाणपूर येथे मराठी भाषिकांच्या सभेत आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर सीमाभागातील सर्व वाचकांसाठी येथे देत आहोत.)



बेळगावच्या सीमेवरून तापीच्या या सीमेवर मी आलो आहे, तो तुमचे सांत्वन करण्यासाठी नव्हे आणि आमच्या लढ्याच्या शौर्यकथा सांगण्यासाठीही नव्हे. सांत्वनाने पोट भरत नाही आणि शौर्यकथांनी शाळा उघडत नाहीत. मला आज एकाच प्रश्नाचा विचार तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. आपण मते देऊन ज्यांना विधानसभेत आणि लोकसभेत पाठवतो, ते निवडून आल्यावर नेमके कुणाचे असतात? मतदारांचे, पक्षाचे, की ज्याच्या हाती सत्ता येईल त्याचे? हा प्रश्न भोपाळला विचारावयाचा, तितकाच बंगळूरला आणि मुंबईलाही विचारावयाचा आहे.

सीमाभाग म्हटला की महाराष्ट्रातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बेळगाव, निपाणी, खानापूर आणि कारवार उभे राहतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मराठीची आणखी एक सीमा आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १९५६ पूर्वीच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी व मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. निमाड जिल्ह्यातल्या बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याने मराठीत अर्ज केला, तर तो राज्याच्या मान्य भाषेत केलेला अर्ज होता. ती कुणाची मेहेरबानी नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवी राज्ये झाली. नागपूर-विदर्भाचे ८ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. निमाड नव्या मध्यप्रदेशात राहिला, राजधानी भोपाळला गेली आणि राजभाषेच्या आसनावर एकटी हिंदी उरली. माणसे होती तेथेच राहिली, घरे होती तेथेच राहिली, तापीही आपल्याच पात्रातून वाहत राहिली; मराठी मात्र कचेरीतून उठली आणि घरातल्या चुलीपाशी जाऊन बसली.

त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले. म्हणून १ नोव्हेंबर हा भोपाळात स्थापनादिन असतो, बंगळुरात राज्योत्सव असतो आणि बेळगावात काळा दिन असतो. आम्ही ओरडलो म्हणून आमची जखम जगाला दिसली. तुम्ही ओरडला नाहीत म्हणून तुम्हाला जखम झालीच नाही, असे सोयीस्करपणे गृहीत धरण्यात आले.

परंतु मित्रहो, त्या काळाकडे पाहताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या वेळचे पुढारी आपल्याशी सहमत असोत वा नसोत, त्यांच्या वागण्याला काही धर्म होता. चिंतामणराव देशमुख हे भारताचे अर्थमंत्री होते आणि कुलाब्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेत पाठवले होते. मुंबई महाराष्ट्राला नाकारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. दिल्लीतले एवढे मोठे आसन त्यांनी आपल्या माणसांच्या प्रश्नासाठी सोडले. दुसरीकडे यशवंतराव चव्हाण. महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूला राहू, असे त्यांनी उघडपणे सांगितले. महाराष्ट्राला ते रुचले नाही आणि १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला धूळ चारली. स्वतः यशवंतराव कराडातून जेमतेम तरले. आमचा त्यांच्याशी कडाक्याचा मतभेद होता. पण त्यांनी जे करावयाचे ते मतदानापूर्वी सांगून केले आणि त्याचा जाब मतदारांपुढे जाऊन दिला. एकाने पद सोडले, दुसऱ्याने लोकांचा रोष अंगावर घेतला. लोकांना अंधारात ठेवून दोघांपैकी कुणीही आपली बाजू बदलली नाही.

आता आजचे चित्र पाहा, आणि कोणत्याही एका राज्याचे किंवा एका पक्षाचे पाहू नका. २०१९ च्या जुलै महिन्यात कर्नाटकातले आमदार राजीनामे देऊन मुंबईच्या हॉटेलात जाऊन राहिले आणि बंगळूरचे सरकार कोसळले. त्या उलथापालथीत गोकाक, अथणी आणि कागवाड हे आमच्या बेळगाव जिल्ह्यातले तीन मतदारसंघ होते. सभापतींनी त्यांना अपात्र ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबरात ती अपात्रता कायम ठेवली, पण पुन्हा निवडणूक लढवण्याची वाट मोकळी केली. डिसेंबरात तिघेही नव्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आले. २०२० च्या मार्च महिन्यात मध्यप्रदेशातले आमदार बंगळुरात जाऊन राहिले. २२ जणांनी राजीनामे दिले आणि २० मार्चला कमलनाथ पायउतार झाले. २०२२ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातले आमदार प्रथम सुरतेला आणि तेथून गुवाहाटीला गेले, आणि मुंबईचे सरकार पडले.

कर्नाटकाचे आमदार मुंबईत, मध्यप्रदेशाचे बंगळुरात आणि महाराष्ट्राचे गुवाहाटीत! पाहा, या देशात राज्यांच्या सीमा किती पुसट झाल्या आहेत! भाषा आडवी आली नाही, प्रांत आडवा आला नाही, अंतरही आडवे आले नाही. मग सीमा आडवी येते ती कुणाला? ती आडवी येते आईच्या भाषेत पहिला धडा गिरवू पाहणाऱ्या पोराला. ती आडवी येते केळीचा घड खांद्यावर घेणाऱ्या शेतकऱ्याला. ज्यांना आपण निवडून दिले त्यांच्यासाठी सीमा ही ओलांडण्याची रेघ आहे. ज्यांनी निवडून दिले त्यांच्यासाठी ती दगडी भिंत आहे.

तुमच्याच जिल्ह्यात काय घडले ते तुम्ही माझ्याहून अधिक जाणता. तरीही ते उच्चारले पाहिजे, कारण न उच्चारलेली गोष्ट विसरली जाते. नेपानगरच्या मतदारांनी २०१८ साली काँग्रेसच्या उमेदवार सुमित्रा कास्डेकर यांना निवडून दिले. १७ जुलै २०२० रोजी त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, भारतीय जनता पक्षात प्रवेश केला आणि नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्या पक्षाच्या चिन्हावर पुन्हा निवडून आल्या. २०२३ साली मात्र त्याच पक्षाने तेथली उमेदवारी मंजू दादू यांना दिली. खुद्द बऱ्हाणपूरने २०१८ साली एका विद्यमान मंत्र्यांना, अर्चना चिटणीस यांना, पराभूत करून सुरेंद्रसिंह ठाकूर ऊर्फ शेरा यांना अपक्ष म्हणून भोपाळला पाठवले. कोणत्याही पक्षाचा नको म्हणून निवडलेला हा प्रतिनिधी २०२३ साली काँग्रेसचा उमेदवार म्हणून उभा राहिला आणि त्या वेळी मतदारांनी पुन्हा चिटणीसबाईंना निवडले.

कुणी म्हणेल, यात बेकायदेशीर काय आहे? काहीही नाही, आणि खरे दुखणे तेच आहे. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ साली राज्यघटनेत दहावे परिशिष्ट जोडले गेले. २००३ साली ९१ व्या दुरुस्तीने एकतृतीयांश आमदारांनी फुटण्याची पळवाट बुजवली. पण राजीनामा देऊन बाहेर पडावे आणि नव्या चिन्हावर पुन्हा उभे राहावे, ही वाट उघडीच राहिली. कायदा चोराला दारातून येऊ देत नाही. खिडकीला मात्र त्याने गज लावलेले नाहीत. पोटनिवडणुकीचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून होतो. मतदाराने एकाच पाच वर्षांत दोनदा रांगेत उभे राहावयाचे, आणि पहिल्या वेळी आपण नेमके कशाला मत दिले होते, हे दुसऱ्या वेळी विसरावयाचे!

‘आमचे प्रतिनिधी तर आमच्यातलेच आहेत, मग तक्रार कसली?’ असा प्रश्न येथे काही सज्जन विचारतात. खांडव्याच्या लोकसभेच्या जागेवर २०२१ च्या पोटनिवडणुकीत आणि पुन्हा २०२४ साली ज्ञानेश्वर पाटील निवडून आले. हे नाव जळगावात किंवा बेळगावात उच्चारले तर ऐकणाऱ्याला ते आपल्याच गावचे वाटेल. नावाचा आम्हाला आनंद आहे. पण नावाने प्रतिनिधित्व होत नसते. आडनाव मराठी असले की मराठीचा प्रश्न सुटतो असे असते, तर मुंबईच्या विधानभवनात सीमाप्रश्न केव्हाच सुटला असता! प्रश्न असा आहे की आपण त्यांच्याकडे काय मागितले? लेखी मागितले काय? त्याचे लेखी उत्तर घेतले काय? न मागितलेले वचन कुणी मोडत नाही.

मागावयाचे काय, हे मी भावनेच्या भाषेत न सांगता कायद्याच्या भाषेत सांगतो. राज्यघटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करणे, हे कर्तव्य त्या कलमाने राज्यावर आणि स्थानिक संस्थांवर टाकले आहे. ३५०-ब कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला. एका वर्गात १० किंवा साऱ्या शाळेत ४० मुले असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९४९ साली ठरवले आणि १९५६ च्या केंद्रीय निवेदनात ते कायम झाले. ज्या भागात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही निघाव्यात, हेही त्याच योजनेत आहे. हे कुणा आंदोलकाचे स्वप्न नाही. हे भारत सरकारचे आश्वासन आहे. तुमच्या प्रभागातल्या १० मुलांच्या पालकांनी सह्या करून अर्ज केला, तर त्या अर्जाच्या पाठीशी राज्यघटना उभी आहे. आमदाराने उभे राहावयाचे आहे ते फक्त त्या अर्जाच्या शेजारी.

आणि प्रश्न केवळ भाषेचाही नाही. केळी हे या जिल्ह्याचे वैभव. त्याच तापीच्या खोऱ्यात, थोडे खाली उतरले की जळगाव जिल्हा लागतो. तेथल्या केळीला हवामानावर आधारलेल्या पीकविम्याचे संरक्षण मिळाले. येथले बागायतदार वर्षानुवर्षे तेच संरक्षण मागत आले. वादळ रावेरला झोडपते तसेच शहापूरलाही झोडपते. वादळाला राज्याची सीमा दिसत नाही, विम्याला मात्र ती बरोबर दिसते. या सभास्थानापासून जवळच ताप्ती मिल आहे. १९०६ साली उभी राहिलेली ही गिरणी पुढे केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. २०२० च्या टाळेबंदीत तिच्या चात्या थांबल्या आणि त्यानंतर कामगारांना वेतनासाठी व गिरणी पुन्हा सुरू व्हावी म्हणून दारोदार फिरावे लागले. मालक केंद्र सरकार, सत्ताधारी पक्षाचा खासदार, सत्ताधारी पक्षाचा आमदार! इतकी अनुकूलता असूनही गिरणीच्या भोंग्याने मौन धरावे, तर सत्तेत असण्याचा मतदाराला उपयोग तो कोणता?

आता महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांकडे वळतो, कारण घरच्यांचे दोष झाकून परक्यांवर तोंड टाकणे आमच्या पत्राला जमत नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला. वीस वर्षे उलटून गेली तरी निकाल नाही. २०२२ च्या डिसेंबरात चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई हे सीमाप्रश्नाचे समन्वयक मंत्री बेळगावला येणार म्हणून जाहीर झाले. बंगळूरने डोळे वटारले आणि दौरा रद्द झाला. २७ डिसेंबरला विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. ठराव करावयास धैर्य लागत नाही; ते लागते बेळगावच्या नाक्यावर येऊन उभे राहावयास. आणि त्या ८६५ गावांच्या यादीत तुमचे बऱ्हाणपूर नाही, हेही मी तुमच्यापासून लपवत नाही. महाराष्ट्राने तुम्हाला विस्मृतीत टाकले आहे.

त्याच सुमारास आणखी एक लाजिरवाणी गोष्ट उजेडात आली. जत तालुक्यातल्या ४० गावांनी पाण्यासाठी कासावीस होऊन पूर्वी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता, याची आठवण मुख्यमंत्री बोम्मई यांनी जगाला करून दिली. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या आदिवासी वस्त्यांनी रस्ता, वीज आणि पाणी मिळत नाही म्हणून मध्यप्रदेशात घ्या, अशी मागणी केली. या वस्त्या तुमच्या जिल्ह्याच्या शेजारच्या! आम्ही महाराष्ट्रात येण्यासाठी पिढ्यान् पिढ्या झुरतो आणि महाराष्ट्रातली माणसे बाहेर जाऊ पाहतात, यावर विरोधकांनी टाळ्या पिटल्या. त्या गावकऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी निवडून दिलेल्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. पाणी देणाऱ्याच्या अंगणात जाण्याची भाषा तहानलेला माणूस करणारच. विलीनीकरणाची मागणी नकाशावर जिंकता येत नाही. ज्या राज्यात जावयाचे त्याच्या कारभाराने ती जिंकावी लागते.

आमचेही ऐका, कारण तुम्हाला उपदेश करण्यापूर्वी आमची फजिती सांगणे न्यायाचे आहे. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावच्या रस्त्यावर मराठी माणसांनी गोळ्या झेलल्या. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, नंदगड, खानापूर अशी २६४ गावे महाराष्ट्राला सुचवली आणि बेळगाव नाकारले. आम्ही तो अहवाल मानला नाही. कित्येक दशके मराठी मतदाराने एकीकरण समितीचे आमदार बंगळूरला पाठवले. २०१३ साली दोन निवडून आले. २०१८ साली एकाच मतदारसंघात समितीच्याच दोन गटांचे उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले आणि एकही आला नाही. २०२३ सालीही शून्यच. पोलिसांच्या लाठीने जे साधले नाही, ते आमच्या आपसांतल्या मानपानाने साधले! मतदाराने आमच्याकडे एकी मागितली होती. आम्ही त्याच्या हाती दोन पत्रके ठेवली. परपक्षाच्या आमदाराला जाब विचारणाऱ्या चळवळीने आपल्या उमेदवारालाही तोच जाब विचारला पाहिजे.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे आहे. पुढच्या निवडणुकीत, मग ती नगरपालिकेची असो की लोकसभेची, तुमच्या दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे एक कागद ठेवा. त्यावर चारच वचने असू द्या. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचा अर्ज आला तर मी तो पदरात पाडून घेईन. केळीचा विमा आणि ताप्ती मिलचा प्रश्न मी सभागृहात मांडीन आणि मिळालेले उत्तर तुम्हाला वाचून दाखवीन. पक्ष बदलावयाचा झाला तर आधी या मैदानात येऊन तुम्हाला कारण सांगेन, आणि मुदत संपेपर्यंत नव्या चिन्हावर उभा राहणार नाही. आणि वर्षातून एकदा येथे उघड्या सभेत हिशेब देईन. जो सही करील त्याचे नाव आम्ही आमच्या पत्रात छापू, जो करणार नाही त्याचेही छापू. जात, पक्ष, आडनाव यांपैकी काहीही विचारू नका. फक्त सही विचारा.

हे करताना शेजाऱ्याशी वैर नको. बऱ्हाणपूर हे हिंदी, उर्दू, मराठी, गुजराती अशा अनेक जिभांचे गाव आहे. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदीची सक्ती आणू पाहिली, मराठी जनता खवळून उठली आणि २९ जूनला ते आदेश मागे घ्यावे लागले. तो विरोध सक्तीला होता, हिंदी बोलणाऱ्या माणसाला नव्हता. आम्हाला जे आमच्या मुलांसाठी हवे, ते उर्दू बोलणाऱ्या विणकराच्या मुलासाठीही हवे. त्याच्या अर्जाखालीही तुम्ही सही करा, म्हणजे तुमच्या अर्जाखाली तो करील.

या लालबागेत कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीच्या पोटातून, एका कुंडीतून दुसरीत असे करीत, केवळ उतारावर शहराकडे आणणारी ही योजना १६१५ सालची. ज्यांनी ती खोदली त्यांनी एका कुंडीवर भरवसा ठेवला नाही; कुंडीला कुंडी जोडत गेले. बेळगावची एक कुंडी, बऱ्हाणपूरची एक कुंडी, अशी आपली चळवळ आजवर सुटी सुटी राहिली. ती जोडण्याचे काम आता झाले पाहिजे.

विलीनीकरणाचा आमचा हट्ट आम्ही सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. परंतु तो दिवस उजाडेपर्यंत ज्या राज्यात आपण राहतो, त्या राज्याच्या सभागृहात आपला प्रतिनिधी आपला म्हणून उभा राहिला पाहिजे. मत ही भीक नाही, ते कर्ज आहे. ज्याने घेतले त्याने ते फेडलेच पाहिजे. वसुलीला निघण्याचा अधिकार तुमचा आहे, आणि तो बजावण्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही.

जय महाराष्ट्र!